मारणारे हात, सावरणारे हात

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमच्या घरामागच्या शाळेच्या हॉलमधून ‘इची, नी, सान, शी...’ असे आवाज यायला लागतात. जपानी भाषेतले एक ते दहा आकडे आता आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ झालेत. तीन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने मुलींसाठी हा कराटेचा क्लास सुरू केला. आधी नाकं मुरडणाऱ्या बायकाच नंतर ‘आमच्या मुलीलाही घ्या हो’ म्हणत दारात आल्या. पोरी ताठ चालायला लागल्या, एसटी स्टँडवर टोळक्याच्या नजरेला नजर द्यायला लागल्या. आम्ही खूश होतो.

आणि मग गेल्या पावसाळ्यातला तो दिवस उजाडला.

त्या दिवशी फीचा हिशेब करायला मी हॉलमध्येच बसले होते. मुलींचा जोडीजोडीने सराव चालला होता. आठवीतल्या एका मुलीला समोरचीची लाथ पोटात बसली. ती मागे कोलमडली, आणि मॅट संपून जिथे शहाबादी फरशी सुरू होते, नेमकं तिथे तिचं डोकं आपटलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पोरगी निपचित पडली. सगळ्या मुली भोवती जमल्या. कुणी म्हणालं फिट आली, कांदा आणा. कुणी म्हणालं चप्पल हुंगवा. एक काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या आणि तिच्या तोंडात पाणी ओतायला लागल्या. सर खाली वाकले, त्यांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

अर्ध्या मिनिटात तिने डोळे उघडले. आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. सर म्हणाले, ‘‘शाब्बास बेटा, ऊठ. खेळाडूने असं रडायचं नसतं.’’ दहा मिनिटांनी ती पुन्हा रांगेत उभी होती. आणि मी, बी.ए. झालेली, वीस वर्षं समाजकार्यात असलेली बाई, पुन्हा हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले!

रात्री आठला तिच्या आईचा फोन आला, ‘‘ताई, ही दोनदा उलटली. आणि आज वार कोणता, असं सारखं विचारतेय.’’ मग रिक्षा, गावातले डॉक्टर, त्यांची चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी धाव, डोक्याचा स्कॅन. देवाची कृपा, रक्तस्राव नव्हता. मेंदूला हादरा बसला होता. दोन दिवसांनी ती घरी आली. पण तिथल्या डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न मला अजून टोचतो. ‘‘बेशुद्ध पडलेल्या मुलीला पुन्हा खेळायला उभं केलं कुणी?’’

सरांवर राग काढणं सोपं होतं. पण रात्रभर झोप आली नाही तेव्हा माझं मलाच कळलं, की क्लास सुरू करताना आम्ही मॅटचे भाव काढले, गणवेशाचं कापड पारखलं, सरांचे पट्टे आणि सर्टिफिकेटं पाहिली. ‘मुलीला लागलं तर तुम्हाला काय करता येतं?’ एवढं मात्र कुणीच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर स्वतःच घरी आले. चहाला हात लावला नाही. म्हणाले, ‘‘ताई, शोतोकानचे सव्वीसच्या सव्वीस काता मी झोपेतही करून दाखवीन. पण काल ती पडली आणि माझं डोकंच बंद पडलं. आम्हाला हे कुणी शिकवलंच नाही. आणि खरं सांगू? मुलीच्या अंगाला हात लावू की नको, हेही मनात आलं.’’

हे शेवटचं वाक्य माझ्या काळजात घुसलं. त्यावर पुढे येते.

गंमत अशी, की ही विद्या जिथून आली त्या जपानमध्ये हे माहीत होतं. जुन्या जुजुत्सूच्या परंपरेत ‘साप्पो’ म्हणजे जीव घेणाऱ्या युक्त्या आणि ‘काप्पो’ म्हणजे बेशुद्ध पडलेल्याला शुद्धीवर आणणाऱ्या युक्त्या, अशा दोन्ही होत्या. जिगोरो कानो यांनी १८८२ साली कोडोकान स्थापन करून ज्यूदो घडवलं, त्यातही हे शिक्षण पुढे चालत आलं. त्या जुन्या युक्त्यांची जागा आता आधुनिक वैद्यकाने घेतली आहे, तेव्हा त्या कुणी करून पाहू नयेत. पण ज्याला पाडायला शिकवायचं त्याला उठवताही आलं पाहिजे, हा त्यांचा विचार किती शहाणपणाचा! आपल्याकडे येता येता नेमकी ही दुसरी बाजू कुठेतरी गळून पडली.

मग आम्ही ठरवलं. ओळखीच्या एका डॉक्टर मॅडमना गाठलं. त्या रविवारी प्लॅस्टिकची अर्धी बाहुली घेऊन हॉलमध्ये हजर झाल्या. सर, शेजारच्या गावातले तायक्वांदोचे एक शिक्षक, मोठ्या मुली, आया आणि आम्ही मंडळाच्या बायका, असे सगळे सतरंजीवर मांडी घालून बसलो.

मॅडमनी पहिल्यांदा सांगितलं ते ऐकून अंगावर काटा आला. छातीवर, बरोबर हृदयाच्या समोर, एका नेमक्या क्षणी जोराचा फटका बसला, तर अगदी निरोगी मुलाचंही हृदय लय बिघडून बंद पडू शकतं. हाड मोडलेलं नसतं, जखम दिसत नाही. पोर दोन पावलं चालतं आणि कोसळतं. असं क्वचितच घडतं, पण चेंडूच्या खेळांत घडलंय आणि कराटेतही घडलंय. हृदयाला शॉक देऊन लय परत आणणारं मशीन मोठ्या शहरांत, विमानतळांवर असतं. आपल्या हॉलमध्ये कुठलं? तिथे असतात ते आपले दोन हात. अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनीच मेंदूला रक्त पोचवत राहायचं.

ते कसं, हे मॅडमनी करून दाखवलं. पडलेल्याचे खांदे थोपटून मोठ्याने हाक मारायची. उत्तर नाही, तर छाती हलतेय का ते पाहायचं, दहा सेकंदांच्या वर नाही. मासळीसारखे अधूनमधून आचके देणं म्हणजे श्वास नव्हे, हे त्यांनी दोनदा बजावलं. श्वास नसेल तर एकाने लगेच १०८ ला फोन लावायचा. आपल्या राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. दुसऱ्याने छातीच्या मधोमध, बरगड्यांमधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहाताची टाच ठेवायची, तिच्यावर दुसरा हात. कोपरं ताठ. मोठ्या माणसाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल असं दाबायचं आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायचं. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण दमलेल्या हातांचा जोर कमी होतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

तोंडाने श्वास द्यायची भीती किंवा किळस वाटून लोक मागे सरतात. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २०१७ साली साध्या माणसांसाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत सांगितली आहे. लहान मुलांच्या बाबतीत मात्र, ज्याने शिकून घेतलंय त्याने तीस दाबांनंतर दोन श्वास द्यावेत. त्यांची छाती साधारण एक तृतीयांश खोल दाबायची, आणि फार लहान असेल तर एकाच हाताने.

‘‘वेग कसा कळायचा?’’ मी विचारलं. तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, ‘‘काकू, आपली मोजणी!’’ आणि खरंच, ‘इची’पासून ‘जू’पर्यंत दहा आकडे आमच्या पोरी पाच-सहा सेकंदांत म्हणतात. तीनदा म्हटलं की झाले तीस. मॅडमसुद्धा हसायला लागल्या. त्या दिवशी सगळ्या हॉलने जपानी आकड्यांवर बाहुलीला जगवलं. पाचच मिनिटांत माझ्या कपाळावर घाम आला, हेही कबूल करते.

त्या बाहुलीचीही एक गोष्ट आहे. अशी बाहुली १९६० साली नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा बनवली. तिला चेहरा दिला तो पॅरिसमध्ये सीन नदीत बुडून गेली म्हणून सांगतात त्या एका अनोळखी तरुणीचा. बिचारीला कुणी वाचवू शकलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर जगभरातल्या लोकांनी जीव वाचवायचा सराव केला. आता विरोधाभास बघा. चेहरा बाईचा, पण सरावाच्या बहुतेक बाहुल्यांची छाती सपाट, पुरुषासारखी. अमेरिकेत एक पाहणी झाली होती. तिच्यात असं दिसलं, की सार्वजनिक जागी हृदय बंद पडलं तर १०० पुरुषांपैकी ४५ जणांना आसपासचे लोक छाती दाबून मदत करतात. बायकांच्या बाबतीत हा आकडा ३९ वर येतो. म्हणजे हात लावू की नको हा प्रश्न फक्त आमच्या सरांना पडला नव्हता.

मैत्रिणींनो, या संकोचावर आपणच बोललं पाहिजे. मुलींच्या अंगाला हात लावताना सरांनी विचार करावा, हे आपणच तर शिकवलं, आणि ते बरोबरच आहे. पण जीव जात असताना तोच संकोच आपल्या लेकीच्या मुळावर यायला नको. म्हणून आम्ही पालकांची सभा घेतली आणि स्पष्ट सांगितलं, ‘‘मुलगी बेशुद्ध असेल तर सर थांबणार नाहीत. छाती दाबायची वेळ आली तर दाबतील. कुणाची हरकत असेल तर आज बोला.’’ क्षणभर शांतता. मग एक आजी म्हणाल्या, ‘‘अगं, लाज जिवंत माणसाला. आधी पोर जिवंत राहू दे.’’ सगळ्यांनी फॉर्मवर सह्या केल्या. शिवाय प्रत्येक क्लासला शिकलेल्या दोन बायका हॉलमध्ये थांबायच्या, असंही ठरलं.

सरांना कोर्टकचेरीचीही धास्ती होती. मंडळातल्या वकील वहिनींनी समजावलं, की सद्भावनेने, दुसऱ्याच्या भल्यासाठी, त्याची संमती घेणं शक्य नसताना केलेल्या मदतीला कायदा संरक्षण देतो. आधी हे भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होतं, २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे.

हृदय बंद पडणं विरळा. रोजची दुखणी वेगळी, आणि तिथेच आपण जास्त चुका करतो. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी बेशुद्ध झालं, गोंधळलं, उलटी झाली, डोकं दुखतंय किंवा दोन-दोन दिसतंय म्हणालं, तर त्या दिवसाचा खेळ बंद आणि थेट डॉक्टर. पुन्हा खेळायचं तेही त्यांनी सांगितल्यावर, हळूहळू. मानेला मार असण्याची शंका असेल तर ओढून उठवायचं नाही. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर मान सांभाळून कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी घशात जात नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी कधीच नाही. फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, दातांत चमचा नाही. आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

नाकातून रक्त आलं की आपण मान मागे टाकायला लावतो. चूक! मान पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. पक्का दात पडला तर मुळाला हात न लावता उचलायचा, दुधात ठेवायचा आणि तासाभराच्या आत दातांच्या डॉक्टरकडे पळायचं, तो पुन्हा बसू शकतो. निखळलेलं बोट ओढून बसवायचा मोह सरांनी आवरायचा. ताज्या मुरगळीवर तेलाची मालिश आणि शेक नको, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावायचा. ज्यूदोत गळा आवळल्यावर माणूस काही सेकंदांत शुद्ध हरपतो. म्हणून जोडीदाराने हाताने थापटलं की त्याच क्षणी सोडायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून हवी.

तुमच्याही गावात कराटे, ज्यूदो, तायक्वांदोचे क्लास असतील. शाळांमधून राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं. मुलीला जरूर घाला. पण फी भरताना चार गोष्टी विचारा. सरांनी किंवा मॅडमनी प्रथमोपचार आणि छाती दाबण्याचं प्रशिक्षण घेतलंय का, आणि शेवटची उजळणी कधी केली? मॅट भिंतीपर्यंत आहे का? प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे? मुलीला दमा, फिट, हृदयाचा त्रास आहे का, हे लिहून घेता का? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर आलं तर भांडू नका. रेड क्रॉस, सेंट जॉन अँब्युलन्स यांचे वर्ग असतात, ओळखीतले डॉक्टर असतात. मिळून एक रविवार ठरवा.

ती मुलगी दीड महिन्याने, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन परत आली. आता हॉलमध्ये भिंतीपर्यंत मॅट आहे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी उजळणी असते. परवा मी डोकावले तर बाहुलीशेजारी गुडघ्यांवर बसून तीच मोजत होती, ‘इची, नी, सान, शी...’ आणि समोर, कोपरं ताठ करून, घामाघूम झालेले आमचे सर.