धरणीच्या पोटातील पोकळी

बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. डोळ्यांना न दिसणारा तडा कानांना कळतो. धरणीच्या पोटात दडलेली पोकळीही अशीच बाहेरून ओळखता येईल काय? प्रश्न कुतूहलाचा वाटतो खरा. पण त्याच्या उत्तरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला येथील कोळशाच्या खाणीत जुन्या खोदाईत साठलेले पाणी एकाएकी घुसले आणि सुमारे पावणेचारशे कामगारांना जलसमाधी मिळाली. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, क्वीक्रीक खाणीतही असेच पाणी शिरले. तेथील कामगारांच्या हाती असलेल्या नकाशावर शेजारच्या सोडून दिलेल्या खाणीची अखेरची खोदाई दाखविलेलीच नव्हती. सुदैवाने, आत अडकलेले नऊही जण तीन दिवसांनी सुखरूप वर आले.

नकाशा जेथे मुका होतो, तेथे भूभौतिकी हे शास्त्र मदतीस येते. आपल्या हैदराबादेत १९६१ पासून या शास्त्राची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, ही आपणांस अभिमानाची गोष्ट होय.

या शास्त्राच्या रीती मोठ्या मनोरंजक आहेत. जमिनीत धातूच्या सळया रोवून वीज सोडतात. हवा विजेला अडविते, म्हणून कोरडी पोकळी मोठा विरोध दाखविते. तीच पोकळी क्षारयुक्त पाण्याने भरली, की वीज सहज वाहते आणि खूण नेमकी उलटी होते! दुसरी रीत गुरुत्वाकर्षणाची. जेथे खडक नाही, तेथे पृथ्वीची ओढ किंचित कमी पडते. हा फरक शंभर कोटींत काही भाग इतका सूक्ष्म असला, तरी आजची उपकरणे तो टिपतात. तिसऱ्या रीतीत जमिनीवर हातोड्याचा आघात करून उठणाऱ्या लहरींचा प्रवास मोजतात. रडारच्या लहरीही वापरतात. परंतु ओल्या चिकणमातीत त्या फार खोल जात नाहीत.

मात्र पोकळी जितकी लहान आणि खोल, तितकी तिची खूण पुसट. मऊ मातीचा पट्टाही कधी पोकळीचा आभास निर्माण करितो. म्हणून जाणकार दोन-तीन रीतींची साक्ष ताडून पाहतात आणि अखेरीस छिद्र पाडूनच खात्री करून घेतात. कोठे छिद्र पाडावे, हे सांगणे हेच यंत्राचे खरे काम.

राणीगंजच्या परिसरात कोळशाची खोदाई १७७४ साली सुरू झाली. इतक्या पिढ्यांनी पोखरलेल्या भूमीवर आज वस्त्या आहेत. आपण काय खणले याची नीट नोंद ठेवणे, हे पुढच्या पिढीचे ऋण आहे. ते ज्यांनी फेडले नाही, त्यांच्या विस्मृतीचा शोध आज यंत्रांना घ्यावा लागत आहे.