उतरायचे गाव नसलेला प्रवास

आम्ही मुंबईहून बोटीने दोन रात्रींच्या सफरीस निघालो आहोत, ही वार्ता बुलढाण्यात आमच्या आळीत पसरली, तेव्हा शेजारच्या वयोवृद्ध गृहस्थांनी तिकिटाचा खर्च, सामानाचे ओझे आणि थंडीवाऱ्याचा बंदोबस्त यांची यथासांग चौकशी केली, आणि मग एखादा वाकबगार वकील उलटतपासणीच्या अखेरीस टाकतो तसा एकच प्रश्न टाकला : "मंग उतरता कुठी?" उतरायचे कुठेच नाही, बोट सायंकाळी मुंबई सोडते, दुसरा सबंध दिवस समुद्रात राहते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी निघालेल्याच धक्क्याला परत लागते, असे मी सांगितले. त्यावर ते काही बोलले नाहीत. पण माझ्याविषयीचे त्यांचे मत त्या क्षणी काहीसे उतरले असावे. त्यांचे तरी काय चुकले? आमच्या मुलखात माणूस घराबाहेर पडतो तो शेगावला दर्शनासाठी, सैलानीला नवस फेडण्यासाठी, देऊळगाव राजाला बालाजीच्या यात्रेसाठी, खामगावला बाजारासाठी, नाहीतर फेरफाराच्या कागदासाठी कचेरीत. प्रयोजनावाचून प्रवास ही कल्पनाच आम्हांला परकी आहे.

ती जगालाही फार जुनी नाही. आगबोटी होत्या त्या माल, टपाल आणि गरजू उतारू यांच्यासाठी. हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळला की हौशी उतारू तिकडे फिरकत नसत आणि मोठमोठ्या बोटी रिकाम्या पडत. त्यावर तोड म्हणून हांबुर्गच्या एका बोट कंपनीचे कारभारी आल्बेर्ट बालिन यांनी १८९१ च्या जानेवारीत 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट केवळ सहलीसाठी भूमध्य समुद्राकडे पाठवली, आणि प्रवास हेच प्रवासाचे प्रयोजन ठरवणारा धंदा बाळसे धरू लागला. आपल्याकडे कोकण किनाऱ्याच्या बोटी मात्र अखेरपर्यंत गरजेच्याच राहिल्या. चाकरमानी डेकवर वळकटी पसरून, ट्रंकेला टेकून, रत्नागिरी, विजयदुर्ग अशी बंदरे मोजत घरी जाई. पावसाळ्यात या लांबच्या बोटी बंद आणि मग चार महिने वाट पाहणे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हापासून कित्येक घरांत बोटीचे नाव निघाले की बोलणे थांबत असे. पुढे हमरस्ते झाले आणि ती वाहतूक इतिहासजमा झाली. चैनीची बोट आली ती २०१८ साली, मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' या नावाने. आणि २०२१ च्या सप्टेंबरापासून कॉर्डेलिया कंपनीची 'एम्प्रेस' मुंबईहून सुटू लागली. ही 'एम्प्रेस' १९९० साली फ्रान्समधल्या सॅं-नाझेर येथे बांधलेली. तिचे टनेज ४८ हजारांहून अधिक सांगतात. ते वजन आहे असा माझा समज होता. वास्तविक टनेज म्हणजे जहाजाच्या पोटातील बंदिस्त जागेचे माप, वजनकाट्याशी त्याचा संबंध नाही.

बुलढाण्याचा आणि समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील तर त्याला नकाशा दाखवावा. पूर्वीपासून वऱ्हाडाचे पाईनघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानीत आले, आणि त्या दोहोंची सरहद्द असलेली अजिंठ्याची रांग आमच्याच जिल्ह्यातून जाते. घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याकडे पडलेला पाऊस नळगंगा, पूर्णा, तापी असा मजल दरमजल करीत सुरतेपाशी अरबी समुद्रास मिळतो; घाटावर मढ गावाजवळ बुधनेश्वरी उगम पावणारी पैनगंगा मात्र मेहकरवरून पूर्वेकडे वळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशी नावे बदलीत थेट बंगालच्या उपसागरात जाते. एकाच ढगाचे पाणी कोसभर अंतराने दोन समुद्रांना वाटून देणारा हा जिल्हा समुद्राला अगदीच अनोळखी म्हणवत नाही.

पाण्याच्या मागोमाग कापूसही गेला. सुएझचा कालवा १८६९ च्या नोव्हेंबरात खुला झाला आणि अवघ्या काही महिन्यांनी, १८७० साली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावला येऊन जलंब-खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा सुरू केला. रेल्वे येण्याआधी लमाणांचे बैल ज्या कापसाला आठवडेच्या आठवडे घाट उतरवीत, तो आता गठ्ठे होऊन मुंबईच्या गोदीत आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांत पोचू लागला. शास्त्राने समुद्रगमन कलिवर्ज्यांत घातलेले असल्यामुळे माणसे घरी राहिली. कापसाला प्रायश्चित्त नव्हते.

आमच्याबरोबर आत्याबाई होत्या. वय ७२, राहणार मेहकर तालुक्यात पैनगंगेच्या काठी. सोयाबीनने गाव व्यापले असताही चार ओळी कपाशी हट्टाने लावणाऱ्या. गेल्या आषाढापासून त्यांनी लक्ष वातींचा नेम धरला आहे. मलकापूरला रात्री विदर्भ एक्स्प्रेस धरून आम्ही सकाळी मुंबईत उतरलो ते त्यांच्या हातातल्या, सरकी काढलेल्या कापसाच्या पिशवीसकट. बॅलार्ड पिअरला ओळखपत्रे, सामानाची तपासणी, शिक्के असे सर्व सोपस्कार झाल्यावर तपासनिसाने ती पिशवी उघडली, आत बोट खुपसून पाहिले आणि काही न बोलता परत बांधून दिली.

सायंकाळी बोट सुटली तेव्हा सुटल्याचे कळलेसुद्धा नाही. गोदीच हळूहळू मागे सरकते आहे असे वाटले. बंदराबाहेर नेण्यासाठी प्रत्येक मोठ्या जहाजावर बंदराचा वाटाड्या चढतो, कारण पाण्याखालचा खणलेला अरुंद मार्ग तोच जाणतो. कुलाब्याच्या दक्षिण टोकाशी खडकावर १८७५ सालापासून उभा असलेला प्रॉंग्ज दीपस्तंभ मागे पडला, आणि रात्री केव्हातरी मोबाइलवरच्या रेघा एक-एक करून मावळल्या.

सकाळी डेकवर आलो आणि चहूकडे पाणी. 'क्षितिज' हा शब्द मी आयुष्यभर वापरीत आलो. त्याची संपूर्ण, अखंड वर्तुळरेषा मात्र त्या दिवशी प्रथम पाहिली, कारण घाटावरच्या माणसाच्या क्षितिजाला नेहमी कोठेतरी डोंगर, चिंच किंवा पाण्याची टाकी आडवी येते. हे वर्तुळ अनंत भासते तरी त्याला हिशोब आहे : पाण्यापासून ३० मीटर उंचीवर उभ्या असलेल्या माणसाला क्षितिज सुमारे २० किलोमीटरवर दिसते. म्हणजे खामगावहून शेगाव, फार तर त्याच्या थोडे पलीकडे. मी हे आत्याबाईंना सांगितले, तेव्हा त्यांनी, "मंग लई दूर नाई," असे म्हणून विषय संपवला.

गाडी लागते तशी बोटही लागते. बंद खोलीत डोळे सांगतात की सर्व स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की सर्व हलते आहे, आणि या परस्परविरोधी जबान्यांनी मेंदू गोंधळला की पोटात ढवळते. म्हणूनच जाणते लोक जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरची खोली घ्या आणि उघड्यावर येऊन क्षितिजाकडे पाहा असे सांगतात. मोठ्या प्रवासी जहाजांना पोटाशी दोन्ही अंगांनी माशाच्या परांसारखी पाती असतात. ती पाण्यात कलती होऊन डुलणे पुष्कळ आवरतात. आम्हांपैकी एकट्या मलाच बोट लागली. न्याहारीच्या वेळी आत्याबाईंनी माझ्या बशीतला उपमाही संपवला.

मला सर्वांत नवल वाटले ते पाण्याचे. उन्हाळ्यात नळाची पाळी आठवड्याने येणाऱ्या आणि टॅंकरच्या भोंग्याकडे कान लावून बसणाऱ्या मुलखातला माणूस मी. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या त्या तरंगत्या गावात शेकडो खोल्यांत अष्टौप्रहर गोडे पाणी कोठून येते, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. पुष्कळशा जहाजांवर युक्ती अशी असते की इंजिनाची वाया जाणारी उष्णता समुद्राच्या पाण्याला देतात आणि भांड्यातील हवा काढून दाब इतका उतरवतात की ते पाणी हात पोळेल न पोळेल एवढ्या उष्णतेलाच उकळू लागते. वाफ थंड केली की गोडे पाणी, मीठ मागे. दोन हजार फुटांवरच्या बुलढाण्यात डाळ घाटाखालच्यापेक्षा किंचित उशिरा शिजते, त्याचेही कारण हेच : दाब कमी, म्हणून उकळी कमी उष्णतेलाच. लोणारच्या विवरातील खारट, साबणासारखे बुळबुळीत पाणी पिढ्यान्पिढ्या पाहणाऱ्या आम्हांला, खारे पाणी असे वठणीवर आणता येते हे कोणी शाळेत सांगितले असते तर बरे झाले असते.

दिवसभर बोटीवर काय करावे, याची एक छापील यादी सकाळीच खोलीत आली होती. नृत्य, जादू, हाउजी, तलावातले खेळ, दुकाने, रात्री नाटकगृह. कंपनीला हा समुद्रातला दिवस प्रिय असतो त्यात व्यवहार आहे. धक्क्याची पट्टी वाचते, आणि उतारूला खर्च करायला बोटीखेरीज दुसरी बाजारपेठ नसते. मी दोन ठिकाणी डोकावलो आणि परत आलो. आडोशाच्या अंगाला एका लांब खुर्चीवर आत्याबाई पाय वर घेऊन बसल्या होत्या. वाऱ्याच्या बाजूला बसून पाहिले तेव्हा पहिल्या पाच-सात वाती पाण्यात उडून गेल्या, म्हणून त्यांनी जागा बदलली होती. कापसाचा पुंजका चिमटीत धरून तो पिसायचा, मध्यावर बोटाने दाबायचा, दुधाचे बोट लावून टोक वळायचे आणि डब्यात टाकायचे. चहाच्या कपातले दूध त्यांनी त्यासाठीच उरवले होते. एक वेटर, बहुधा ईशान्येकडचा, ट्रे खाली ठेवून पाच मिनिटे ते पाहत उभा राहिला. त्याने एक वात वळूनही पाहिली, ती सुटली, आणि दोघे हसली.

मी शेजारच्या खुर्चीवर पडून राहिलो. पहिला तासभर मन घड्याळाकडे धावत होते, कोणाचा तरी फोन यायचा राहिला आहे असे वाटत होते. नंतर केव्हा ते थांबले ते कळले नाही. पाण्याचा रंग सकाळी करडा होता, दुपारी गर्द निळा झाला, आणि सूर्य कलल्यावर तुरीच्या वरणासारखा पिवळा. एवढीच त्या दिवसाची घडामोड.

दिवेलागणीला आत्याबाईंनी पिशवीतून वही काढली. नेमाची ती वही त्या रोज लिहितात. तीन रकाने आहेत : तिथी, गाव, वाती. तिथी लिहून झाल्यावर त्यांची पेन्सिल थांबली.

"बापू, गाव काय लिवू इथी?"

"अरबी समुद्र लिहा."

त्यांनी चष्म्यावरून पाण्याकडे एकदा पाहिले. "समुद्र काई गाव नाई," त्या म्हणाल्या, आणि मधला रकाना कोरा ठेवून पुढच्यात आकडा घातला : ४१२.