बेचक्यातला निवडुंग, बीडच्या गच्चीवर

जुलै लागला, दोन-चार चांगल्या सरी पडल्या की जिल्ह्याच्या पानावर एक फोटो हमखास झळकतो : रात्री उमललेलं ब्रह्मकमळ, शेजारी निरांजन, मागे हसरं कुटुंब. बीड, अंबाजोगाई, परळी, कुठेही जा, गल्लीत एखाद्या घरी हे झाड असतंच. ज्या घरी ते फुलतं तिथे शेजारणी हळद-कुंकू घेऊन जमतात. आणि ज्यांच्याकडे चार-चार वर्षं कळी नाही, त्या फोटो बघून विचारतात, "आमच्याच झाडाला काय झालंय?"

बहुतेक वेळा झाडाला काहीच झालेलं नसतं, त्याची जागा चुकलेली असते. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, साडेतीन-चार हजार मीटरवर उगवणारं, उत्तराखंडचं राज्यफूल. 1982 मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं होतं. बीडच्या उन्हाळ्यात ते टिकायचंच नाही. आपल्या कुंडीतलं झाड म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटलम, मेक्सिकोच्या दक्षिणेकडच्या आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांतला निवडुंग. नावावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही, ते रुळलंय. घोळ होतो तो सांभाळण्यात. कमळ म्हणून कुणी त्याला रोज तांब्याभर पाणी ओततं. निवडुंग आहे असं कळलं की कुणी तेच झाड मे महिन्यात गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवतं. त्याला यातलं काहीच मानवत नाही.

जंगलात हा निवडुंग मोठ्या झाडाच्या बेचक्यात, सालीच्या खाचेत अडकलेल्या पालापाचोळ्यात मुळं धरतो. वर फांद्यांचं छत असल्यामुळे ऊन गाळून येतं. पाऊस भरपूर, पण पाणी मुळांशी साठत नाही, येतं आणि निथळून जातं. आपण ज्यांना पानं म्हणतो ती खरं तर त्याची चपटी खोडं आहेत आणि कळ्या त्यांच्या कडेच्या खाचांतून निघतात. बालाघाटाच्या माळावरचा फड्या निवडुंगही मूळ अमेरिकेचाच, पण त्याची रीत या झाडाला लावू नये. कुंडी भरताना आणि पाणी घालताना ते बेचकं डोळ्यांपुढे ठेवावं.

पहिली अडचण आपल्या काळ्या मातीची. कापसाला ती मानवते, पण कुंडीत भिजली की फुगते, चिकटून बसते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. मुळं कुजली की वरची खोडं सुरकुततात. बघणाऱ्याला वाटतं, झाड तहानलंय. तो आणखी पाणी घालतो आणि झाड संपतं. शंका आली तर कुंडी आडवी करून झाड अलगद बाहेर काढावं. मुळं पांढरट आणि घट्ट असतील तर तहान खरी. तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची असतील तर सडका भाग कापून नव्या मिश्रणात लावावं.

या मिश्रणात निम्मं पालापाचोळ्याचं नीट कुजलेलं खत असावं. बाकी नारळाच्या शेंडीचे तुकडे, विटांचे बारीक खडे आणि मूठभर लोणारी कोळसा. शेंड्या विकत आणायची गरज नाही. परळीच्या वैजनाथाला जा नाहीतर अंबाजोगाईच्या योगेश्वरीला, नारळ फोडणाऱ्यांची कमी नाही. मात्र त्या दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून मगच वापराव्यात, त्यांतला खार निघून जातो. कुंडी मातीची, आठ-दहा इंची पुरे. मोठ्या कुंडीत ओल रेंगाळते, आणि मुळं थोडी दाटीत असली की हे झाड फुलावर लवकर येतं.

पाण्याचं दुखणं खास आपल्याकडचं. बोअरच्या जड पाण्याने कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो, तोच क्षार मुळांशीही साचतो. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून अनेक घरांत ते झाडांना घालतात. टंचाईच्या जिल्ह्यात ही काटकसर समजण्यासारखी आहे, पण या झाडाला ते देऊ नये. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार उतरलेले असतात. कूलरच्या टाकीच्या तळाच्या पाण्याचंही तेच. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं. सगळ्यांत उत्तम पावसाचं. पत्र्याखाली एक पिंप लावलं तर एका झाडाची सोय बरेच दिवस होते. बोट घालून बघावं, वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच भरपूर पाणी द्यावं आणि खालून निथळू द्यावं.

उन्हाचा हिशेब ड्रॅगन फ्रूटवाल्या शेतकऱ्याला विचारावा. ते पीकही याच कुळातलं, जंगलात झाडांवर चढणारं, रात्री फुलणारं. एप्रिल-मेमध्ये त्याचे वेल पिवळे पडून भाजतात म्हणून शेतकरी वर शेडनेट टाकतात. आपल्या कुंडीलाही सकाळचं दोन-तीन तास कोवळं ऊन आणि दुपारी पक्की सावली हवी. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावात उन्हाळ्यात पूर्वेकडचा ओटा बरा. अंबाजोगाईसारख्या उंचावरच्या गावात थोडी सूट घेता येते. खोडं लालसर-पिवळी झाली तर ऊन जास्त होतंय. नुसत्या बारीक, लांब काठ्याच फुटत राहिल्या तर उजेड कमी पडतोय. फुलाविना राहिलेली बरीच झाडं अशाच अंधाऱ्या जिन्याखाली सापडतात.

डिसेंबर-जानेवारीत पाणी निम्म्यावर आणावं आणि खत बंद ठेवावं. थंडीतली ही विश्रांती पुढच्या कळ्यांना उपयोगी पडते. युरियाचा हात आखडताच असावा; त्याने झाड हिरवंगार होतं, फुलत नाही. मार्चनंतर ठिबकवाल्या शेतकऱ्याच्या घरात असतंच ते झिरो-बावन्न-चौतीस खत द्यावं, लिटरभर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. पिठ्या ढेकूण दिसला तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढावा. पावसाळ्यात गोगलगायी मात्र रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात, त्या कोवळी कळी कुरतडतात.

खाचेत लालसर टोक दिसल्यापासून फूल उमलायला साधारण तीन-चार आठवडे लागतात. या काळात कुंडी हलवू नये, फिरवू नये, माती कडकडीत वाळू देऊ नये, कळ्या गळतात. कळी आधी लोंबते, मग देठ वळून तोंड वर करते. ज्या संध्याकाळी ती टपोरी होऊन टोकाशी सैलावते, त्या रात्री आठ-नऊला पाकळ्या सुटू लागतात, मध्यरात्रीपर्यंत फूल पुरतं उमलतं, पहाटे मान टाकतं. पांढरा रंग आणि रात्रीचा दरवळ हे मोठ्या पतंगांना बोलावणं आहे. फळ मात्र आपल्याकडे सहसा धरत नाही. हे झाड स्वतःच्या परागावर फळत नाही, आणि गल्लीतली झाडं बहुधा एकमेकांच्याच तुकड्यांपासून वाढलेली असतात. पूजा खुशाल करावी. फक्त निरांजन कळ्यांपासून लांब ठेवावं आणि पंचामृत कुंडीत ओतू नये. दुधा-साखरेने मुंग्या येतात, मागोमाग बुरशी.

शेजारणीने तुकडा मागितला तर वीतभर चपटं खोड कापून द्यावं आणि आठवडाभर सावलीत ठेवायला सांगावं. कापलेली जागा सुकून खपली धरली की इंचभर खोल लावायचं. बुंध्याकडचं टोक खाली हवं. वाळल्यावर दोन्ही टोकं सारखीच दिसतात, म्हणून कापतानाच त्यावर पेनाने खूण करून द्यावी. महिनाभरात मुळं धरतात. फुलाला दोन-तीन वर्षं लागतील, हेही तेव्हाच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढच्याच आषाढात तक्रार येते.