दोन मिनिटांच्या खेळांचा प्रवास

लांबलेल्या पाठाच्या मध्यावर किंवा दोन विषयांच्या सांध्यावर मुलांचा शीण घालवण्यासाठी शिक्षकाने घेतलेली दोन ते पाच मिनिटांची कृती, जिला अलीकडच्या प्रशिक्षणांत ‘ब्रेन ब्रेक’ किंवा ‘एनर्जायझर’ म्हणतात, महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांना नवी नव्हती. नवी होती ती अशा कृती एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे जाण्याची सोय, आणि ही सोय बदलत गेली तसतसे कृतीबरोबर काय पोहोचले व वाटेत काय गळाले, हे गेल्या तीन दशकांकडे पाहताना तपासण्याजोगे आहे.

त्याआधीही हालचालीला शिक्षणात स्थान देणारा विचार मराठीत होताच. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेला नूतन बाल शिक्षण संघ, ‘शिक्षणपत्रिका’ आणि १९४५ पासूनचे ताराबाईंचे बोर्डी येथील कार्य यांतून तो मांडला गेला. परंतु त्याचा भर बालवाडीच्या वयावर होता, आणि पहिलीच्या उंबरठ्यावर मुलाची गाठ पडे ती ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ या शिस्तीशी.

१९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम लातूर, नांदेड, परभणी यांसारख्या जिल्ह्यांत सुरू झाला आणि त्यातून तालुका पातळीवर गट साधन केंद्र, तर त्याखाली जवळपासच्या काही शाळा मिळून होणारे ‘केंद्र’ अशी रचना दृढ होत गेली. या केंद्रांच्या बैठकांत आणि प्रशिक्षणांत, विशेषतः जेवणानंतरच्या जड सत्रात, शिक्षकांनाच उभे करून खेळ घेतले जात, आणि देवघेवीचे बळ नेमके येथे होते. ‘पाऊस टाळी’ हे त्याचे चांगले उदाहरण: तळहातावर आधी एक बोट, मग दोन, असे वाढवत पाच बोटांपर्यंत जायचे आणि त्याच क्रमाने परत एका बोटावर यायचे, म्हणजे आवाज चढतो आणि विरत जाऊन वर्ग आपोआप शांत होतो. ज्याने ती स्वतः वाजवलेली असे त्याला उमगे की तिचे मर्म उतरत्या अर्ध्या भागात आहे, म्हणून ती वाचनाच्या आधी उपयोगी पडते. उलट ‘शिवाजी म्हणतो’ या आज्ञापालनाच्या खेळाने सुस्ती जाते खरी, पण त्यानंतर लगेच शुद्धलेखन घेणे म्हणजे स्वतःच गोंधळाला आमंत्रण देणे.

पुढे या कृतींना शास्त्राचा आधार जोडण्याची हौस वाढली. पॉल डेनिसन यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत मांडलेली ‘ब्रेन जिम’ ही पद्धती, म्हणजे ठरावीक हालचालींनी मेंदूच्या दोन भागांचा समन्वय साधून शिकणे सुधारते हा दावा, भारतातही येऊन पोहोचली, पण २००७ मध्ये कीथ हायट यांनी घेतलेल्या आढाव्यात त्या दाव्यांना पुरेसा पुरावा आढळला नाही. याउलट मॅथ्यू महार व सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायनात केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दहा मिनिटांच्या वर्गातील हालचालींनंतर मुलांचे कामातील लक्ष वाढल्याचे दिसले. हा निष्कर्ष माफक आहे, आणि वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला तेवढा पुरतो.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, त्याच सुमारास शिक्षकांच्या हाती स्मार्टफोन स्थिरावले आणि कृतींची देवाणघेवाण चित्रफितींतून होऊ लागली. प्रसार अफाट झाला. गडचिरोलीतील खेळ रत्नागिरीत त्याच दिवशी दिसू लागला. मात्र चित्रफितीत खेळ दिसतो, त्याआधी कोणता पाठ चालला होता, मुले का कंटाळली होती आणि नंतर त्यांना पुन्हा कामाला कसे लावले हे दिसत नाही, त्यामुळे जो खेळ उपाय म्हणून जन्मला तो कार्यक्रम म्हणून पोहोचला. त्यातच छायाचित्रणाला मैदान आणि गलका मानवतो.

द्विशिक्षकी शाळेची अडचण येथे ठळक होते. एका खोलीत दोन इयत्ता बसतात तेव्हा एकीचा विसावा दुसरीचा व्यत्यय ठरतो; म्हणून अशा शाळांतील शिक्षकांना शेजाऱ्याच्या पाठीवर बोटाने अक्षर काढून त्याला ओळखायला लावणे, किंवा एका हाताने नाक व दुसऱ्याने विरुद्ध बाजूचा कान धरून हातांची अदलाबदल करणे, असे बिनआवाजी प्रकार अधिक सोयीचे पडतात. पडद्यावर पाहण्यासारखे त्यांत फारसे काही नसते, त्यामुळे त्यांचा प्रसार आजही मुख्यतः केंद्राच्या शिक्षण परिषदेत एकमेकांना करून दाखवण्यावर अवलंबून राहतो.