मोटार विहिरीवर, बटण घरात : गावातून चालणारं नकाशाचं काम



गेल्या महिन्यात बचत गटाच्या बैठकीत एक ताई कर्ज मागायला आल्या. कशासाठी, तर सुनेला मोठा कॉम्प्युटर घ्यायचा होता. सून आयटीआयमध्ये ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ शिकलेली. दहावीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम, त्यात इमारतीचे नकाशे काढायला शिकवतात. लग्नाआधी ती शहरात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होती. आता ऑफिस म्हणालं, गावातून काम कर. ताईंना काळजी, “इमारत तिकडे, पोरगी इकडे. असं काम चालतं तरी का? आणि कर्ज काढून बसलो नि काम थांबलं तर?”

ताईंचा प्रश्न रास्त आहे. म्हणून आज हे काम कसं चालतं ते समजून घेऊ.

पूर्वी नकाशे मोठ्या फळ्यावर, पातळ कागदावर, पट्टी धरून शाईनं काढत. कागद ऑफिसात, म्हणून माणूसही ऑफिसात. 1982 साली ऑटोकॅड नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि पुढे हळूहळू नकाशा कॉम्प्युटरवर गेला. तरी माणसं ऑफिसातच बसत होती, कारण नकाशांच्या फायली फार जड. आता तर भिंत, कॉलम, बीम, पाण्याचे पाईप, सगळं एकाच फायलीत असतं. ती उघडायला ताकदवान कॉम्प्युटर लागतो. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, ऑफिसं बंद झाली, आणि अनेकांना दुसरी वाट शोधावीच लागली.

ती वाट तुमच्या ओळखीची आहे. विहिरीवरची मोटार आता मोबाईल स्टार्टरनं घरातून चालू करतात की नाही? मोटार विहिरीवरच राहते, पाणी तिथेच उपसलं जातं, आपण फक्त घरातून बटण दाबतो. नकाशाचंही तसंच करता येतं. जड काम करणारा कॉम्प्युटर ऑफिसात चालू असतो. घरच्या साध्या लॅपटॉपवर त्याचा फक्त पडदा दिसतो. सूनबाई इथे माऊस हलवते, रेघ तिकडच्या फायलीत पडते. याला ‘रिमोट डेस्कटॉप’ म्हणतात. अशी सोय ऑफिसनं केली असेल, तर घरी महागडा कॉम्प्युटर लागत नाही. मात्र नेट अडखळलं की हातही अडखळतो. म्हणून नेट नुसतं वेगवान नको, न तुटणारं हवं.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. नकाशा वारंवार बदलतो. एका बांधकामावर मी पाहिलं होतं, न्हाणीघराची भिंत नकाशात सरकली होती, पण गवंड्याच्या हातात जुनाच कागद. भिंत उभी राहिली आणि पाडावी लागली. विटा, सिमेंट, मजुरी, सगळं वाया. व्हॉट्सॲपवर नकाशाचे सात फोटो आले, तर त्यातला खरा कोणता हे कोणी ओळखावं? म्हणून चांगल्या ऑफिसात नकाशा एकाच सामायिक जागी ठेवतात. प्रत्येक बदलाला क्रमांक आणि तारीख असते. कोणी काय बदललं त्याची नोंद राहते, आणि साईटवरचा इंजिनिअर मोबाईलवर तोच ताजा नकाशा बघतो. आपल्या गटाचं इतिवृत्त एकाच वहीत असतं, तसंच हे.

पण सगळं घरातून होत नाही. सळई नकाशाप्रमाणे बांधली का, हे स्लॅब ओतण्याआधी जागेवरच जाऊन तपासावं लागतं. घरून काम करणाऱ्या मुलीनं नकाशा काढला, तरी तो तपासून सही करण्याची जबाबदारी आर्किटेक्टची किंवा इंजिनिअरची असते.

तर कर्ज काढण्याआधी सूनबाईनं ऑफिसला या गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरं लेखी घ्यावीत:

- कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर कोण देणार?
- पगार महिन्याचा की नकाशामागे? बदल सांगितले तर त्याचे पैसे मिळणार का?
- कामाची वेळ कोणती? लाईट गेली तर काय?
- काम कोण तपासणार?

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. ओळख ना पाळख, आणि काम देण्याआधीच ‘डिपॉझिट भरा’ म्हणणारा माणूस नोकरी देत नसतो, पैसे काढत असतो. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करा.

शेवटचं सांगणं आपल्या घराला. सून घरात बसलेली दिसते, पण ती कामावर असते. मापात एक शून्य चुकलं तर तिकडे भिंत चुकते. “घरीच तर आहेस, तेवढा चहा टाक,” हे कामाच्या वेळेत बंद व्हायला हवं. एक टेबल, एक बंद होणारं दार आणि ठरलेले तास द्या.

ताईंच्या सुनेनं विचारलं, तेव्हा ऑफिसनं रिमोट डेस्कटॉपची सोय करून दिली. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर काम सुरू झालं. ताईंनी गटाकडून कर्ज घेतलं, पण अगदी थोडं. त्यातून इन्व्हर्टर आला. आता दुपारी चहा ताईच करतात आणि कप टेबलावर नेऊन ठेवतात.

तुमच्या गावातही अशी शिकलेली लेक-सून असेल. तिला हे जरूर सांगा.