इंग्रजीची भीती पळवणारं नाटक

'व्हॉट इज युवर नेम?' असं विचारलं की तिसरीतलं कुठलंही मूल धडाधडा उत्तर देतं, 'माय नेम इज...' पुढचा प्रश्न वयाचा, त्याचंही उत्तर तयार! पण घरी आलेल्या एखाद्या पाहुण्यानं सहज विचारावं, 'हू कुक्ड युवर लंच टुडे?' की मूल थेट आईच्या पदराआड. आई ओशाळून म्हणते, "वर्गात पहिल्या पाचात असतो हो, पण बोलायची वेळ आली की तोंडाला कुलूप!"

हा प्रसंग पुण्यातला असू शकतो, नांदेडचा असू शकतो, तसाच लखनौच्या इंदिरानगरमधलाही. गोमतीपलीकडची ही मोठी वसाहत. २०१९ पासून मेट्रो इथल्या मुन्शी पुलियापर्यंत धावते. बदलीच्या नोकरीमुळं इथं जाऊन राहणाऱ्या मराठी घरातलं मूल डोळ्यांसमोर आणा. घरात मराठी, अंगणात हिंदी आणि शाळेत इंग्रजी. गंमत अशी, की यातल्या पहिल्या दोन भाषा त्याला कुणी 'शिकवलेल्या' नसतात. मराठी आईच्या मागं मागं फिरताना येते, हिंदी क्रिकेटच्या भांडणात येते. पैसा, वेळ आणि अश्रू खर्च होतात ते तिसऱ्या भाषेवर, आणि नेमकी तीच अडते.

असं का व्हावं? कारण पहिल्या दोन भाषा मुलाला कशासाठी तरी हव्या होत्या. बॉल मागायचा होता, आऊट नसल्याचं पटवायचं होतं. इंग्रजीत मात्र त्याला कुणाला काहीच सांगायचं नसतं, फक्त वहीत उत्तर लिहायचं असतं. आणि चुकलं तर चाळीस मुलं हसणार असतात! हे कारण पुरवण्याचं आणि भीती घालवण्याचं काम एका वेळी करणारी एक जुनी युक्ती आहे, ती म्हणजे नाटक.

वर्गात आलेला प्रवासी

नाटक म्हटलं की आपल्याला पडदा, रंगभूषा आणि पाठ केलेले संवाद आठवतात. इथं त्यातलं काहीच नाही.

समजा, लखनौच्या एका शाळेतला चौथीचा वर्ग आहे. बाई गळ्यात ओढणी गुंडाळून, खांद्याला पिशवी अडकवून आत येतात. आता त्या बाई नाहीत, दूर देशातून आलेल्या प्रवासी आहेत. त्यांना ना हिंदी येते, ना मराठी. त्यांना बडा इमामबाडा बघायचा आहे. नवाब असफउद्दौलानं दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून १७८४ साली बांधायला घेतलेली ही वास्तू, आणि तिच्यातली ती प्रसिद्ध भुलभुलैया! बाकांच्या रांगा म्हणजे भुलभुलैयातल्या वाटा. प्रवासीबाई हरवतात. मुलं ओरडू लागतात, 'टर्न लेफ्ट!' 'नो, नो, राइट!' 'कम बॅक!' 'डोन्ट गो देअर!'

हे सगळे शब्द पुस्तकात असतातच. पण इथं ते उच्चारले नाहीत तर बाई भिंतीवर आदळणार असतात! शब्दाला अर्थ येतो तो असा. शिवाय इथं मुलं माहीतगार आहेत आणि बाई अडाणी. उलटीपालटी झालेली ही जागा मुलांना भारी आवडते.

पुण्याच्या शाळेत हीच गोष्ट शनिवारवाड्याची होईल, कोल्हापुरात रंकाळ्याची. कधी डब्यातला लाडू चोरीला जातो, मग मुलं फौजदार होऊन एकमेकांची उलटतपासणी घेतात, 'व्हेअर वेअर यू?' 'व्हॉट डिड यू ईट?' भूतकाळाचे प्रश्न फळ्यावरून दहा वेळा उतरवूनही जे बसत नाही, ते या तपासात बसून जातं.

कुणी 'ही गो होम' म्हणालं तर बाई खेळ थांबवून चूक दाखवत नाहीत. आश्चर्यानं डोळे मोठे करून म्हणतात, 'ओह! ही गोज होम?' मूल बरोबर वाक्य ऐकतं आणि पुढं बोलतं. चूक झाली तीही त्याची नसते, फौजदाराची असते, माकडाची असते, म्हाताऱ्या आजीची असते. मुखवट्याचा हाच मोठा उपयोग. लाजरं मूल स्वतः म्हणून बोलत नाही, पण सिंह म्हणून डरकाळी फोडून बोलतं.

गिरणीतून वर्गात

शिक्षकानंच भूमिका घेऊन मुलांमध्ये मिसळायचं, ही पद्धत जगभर पोचवली डोरोथी हीथकोट या इंग्रज बाईंनी. चौदाव्या वर्षी त्या यॉर्कशायरच्या कापडगिरणीत कामाला लागल्या. पुढं नाट्यशिक्षण घेतलं आणि शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण न घेताच न्यूकॅसलच्या विद्यापीठात शिक्षकांना शिकवू लागल्या. २०११ साली त्यांचं निधन झालं.

पण आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही. गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षक मुलांना गोष्टी सांगतो, आणि मुलं त्याच गोष्टींची नाटकं करतात. या गिजुभाईंच्या सोबतीनं काम केलं ते आपल्या ताराबाई मोडकांनी. पुढं ताराबाईंनी बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं. मूल खेळत असतं तेव्हा ते शिकतच असतं, हे या मंडळींनी केव्हाच ओळखलं होतं.

गोमतीनगरचा धडा

इंदिरानगरच्या शेजारीच गोमतीनगर आहे. तिथं उर्वशी साहनी यांनी १९८६ साली स्थापन केलेली 'स्टडी हॉल' ही शाळा आहे. साहनीबाईंनी अमेरिकेत बर्कले इथं डॉक्टरेट केली, तीही उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यातल्या प्राथमिक वर्गाच्या अभ्यासावर. त्या वर्गातली मुलं फळ्यावरचं मुकाट्यानं उतरवून काढत. अक्षरं वळणदार, पण अर्थाचा पत्ता नाही! गोष्टी, गाणी, चित्रं आणि नाट्य यांची वाट मोकळी झाल्यावर याच मुलांना स्वतःचं काही सांगावंसं, लिहावंसं वाटू लागलं.

तो वर्ग हिंदी लिहावाचायला शिकत होता, हे लक्षात घ्या. म्हणजे नुसतं उतरवून काढल्यानं मातृभाषेजवळची भाषाही परकी होते, तिथं इंग्रजीची काय कथा!

२००३ मध्ये साहनीबाईंनी गरीब घरातल्या मुलींसाठी 'प्रेरणा' शाळा काढली. तिथं मुली आपल्याच आयुष्यातले प्रश्न, बालविवाहासारखे, नाटकातून मांडतात. घरी ज्यांना 'तू गप्प बस' एवढंच ऐकायला मिळालेलं असतं, त्यांना आधी आवाज सापडावा लागतो. भाषा कुठलीही असो, तोंड उघडण्याचं धैर्य त्याआधी यावं लागतं.

गॅदरिंगचं नाटक वेगळं

"आमच्या शाळेत दरवर्षी गॅदरिंगला इंग्रजी नाटक असतं की!" असं कुणी म्हणेल. पण तिथं बहुतेक वेळा चार चुणचुणीत मुलं संवाद पाठ करतात आणि उरलेली झाडं होऊन उभी राहतात. पाठांतर ते पाठांतरच, फक्त झगमगीत कपड्यांतलं. वर्गातल्या नाटकाला प्रेक्षक नसतात, पाचपाच जणांच्या गटात सगळीच मुलं नटनट्या असतात. तयारीची चर्चा मराठीत झाली तरी बिघडत नाही. इंग्रजी सुरू होते ती भूमिकेत शिरल्यावर.

अडचणी नाहीत असं नाही. पन्नास मुलांच्या वर्गात गलका होतो आणि शेजारच्या वर्गातून तक्रार येते. म्हणून जाणते शिक्षक दहाच मिनिटांचा खेळ ठेवतात आणि टाळी वाजली की सर्वांनी पुतळा व्हायचं, हा नियम आधी शिकवतात. शिवाय नाटकानं स्पेलिंग येत नाही. खेळ संपल्यावर त्याच गोष्टीवर चार ओळी वाचाव्या-लिहाव्याच लागतात.

सर्वांत मोठी अडचण वेगळीच असते. अनेक शिक्षकांना स्वतःलाच इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो. महाराष्ट्रानं २००० सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. उत्तर प्रदेशानं २०१८ मध्ये सुमारे पाच हजार सरकारी प्राथमिक शाळा इंग्रजी माध्यमाच्या करायचं ठरवलं. निर्णय एका दिवसात होतो, शिक्षकाची जीभ मात्र एका दिवसात वळत नाही. महाराष्ट्रात २०१६ साली सुरू झालेल्या 'तेजस' उपक्रमात प्राथमिक शिक्षकांचे गट ठरावीक काळानं एकत्र बसून इंग्रजीचा सराव आणि वर्गातल्या कृतींची देवाणघेवाण करू लागले, ते याच कारणासाठी. मुलांना जसा न हसणारा सोबती लागतो, तसा गुरुजींनाही!

घरी काय करता येईल?

यासाठी फाडफाड इंग्रजी यायलाच हवं असं नाही.

स्वयंपाकघरात पाच मिनिटं दुकान मांडा. बटाटे, कांदे, खोटे पैसे. मूल दुकानदार, आई गिऱ्हाईक. 'हाऊ मच?' 'टू मच!' एवढ्यावरही घासाघीस रंगते.

बाहुलीला फक्त इंग्रजीच येते असं ठरवा. तिच्याशी बोलायचं तर इंग्रजीतच.

झोपताना सांगितलेल्या मराठी गोष्टीतलं एकच वाक्य इंग्रजीत करा. 'ओपन द डोअर!' कावळ्यानं म्हणावं आणि चिमणीनं 'वेट, वेट!' म्हणावं.

चुकलं तर लगेच टोकू नका. आणि पाहुण्यांपुढं 'जरा इंग्रजीत बोलून दाखव' असं तर मुळीच म्हणू नका. ती परीक्षा असते, खेळ नव्हे.

शाळेत पालकसभेला गेलात, की वहीची किती पानं भरली एवढंच विचारू नका. 'माझं मूल वर्गात बोलतं का?' हेही विचारा. वर्गातून हसण्याचा, ओरडण्याचा आवाज आला तर बाईंचं वर्गावर नियंत्रण नाही, असं लगेच समजू नका. कदाचित आत कुणी प्रवासी भुलभुलैयात हरवली असेल, आणि तिला बाहेर काढण्यासाठी आपलं गप्प बसणारं पोर पहिल्यांदाच हात वर करून ओरडत असेल, 'कम! धिस वे!'