लेसर उपचार (त्वचा व नखे)

लेसर उपचार ही विशिष्ट तरंगलांबीच्या एकवटलेल्या प्रकाशाने त्वचा व नखे यांच्या विकारांवर उपचार करण्याची पद्धती आहे. औषधांना दाद न देणारी चामखीळ, नखांची बुरशी, कोड, सोरायसिस इत्यादी चिवट विकारांत ती वापरली जाते. सर्व विकारांवर चालणारा एकच लेसर नाही. विकारानुसार यंत्र, तरंगलांबी आणि अपेक्षित परिणाम बदलतात.

इतिहास

लेसरचे मूलतत्त्व असलेली उद्दीपित उत्सर्जनाची कल्पना अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये मांडली. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर तयार केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन यांनी त्याचा त्वचेवर वापर सुरू केला. शस्त्रक्रियेत आजही वापरात असलेल्या कार्बन डायऑक्साइड लेसरचा शोध १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चंद्रकुमार पटेल यांनी लावला. त्यांचा जन्म पुणे जिल्ह्यातील बारामती येथे झाला होता आणि पदवी शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात. रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या सिद्धांतामुळे या उपचारांना शास्त्रीय बैठक मिळाली.

कार्यतत्त्व

त्वचेतील निरनिराळे घटक निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. योग्य तरंगलांबी निवडून प्रकाशाचा स्पंद पुरेसा अल्पकालीन ठेवल्यास अपेक्षित घटक तापून नष्ट होतो व शेजारच्या ऊतींना फारशी इजा होत नाही. अँडरसन व पॅरिश यांच्या सिद्धांताचा हाच गाभा आहे. कार्बन डायऑक्साइड लेसरचा प्रकाश (१०,६०० नॅनोमीटर) पेशींतील पाणी शोषते, त्यामुळे ऊतीची वाफ होते. ५९५ नॅनोमीटरचा रंजक लेसर रक्तातील हिमोग्लोबिनवर काम करतो. १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर खोलवर पोहोचतो.

उपयोग

चामखीळ : चामखीळ विषाणूमुळे होते. कार्बन डायऑक्साइड लेसरने ती जाळून काढता येते, तर रंजक लेसरने तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बंद करता येतात. विषाणू आसपासच्या त्वचेत शिल्लक राहू शकत असल्याने चामखीळ पुन्हा उगवण्याची शक्यता असते.

नखांची बुरशी : या विकारात नख जाड, पिवळसर व ठिसूळ होते. एनडी-याग लेसरने नख व त्याखालील ऊती तापवून बुरशीची वाढ रोखण्याचा प्रयत्न केला जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये अशा यंत्राला नखाचा स्वच्छ भाग तात्पुरता वाढवण्यापुरती परवानगी दिली. त्यातून बुरशीचा समूळ नाश होतो, असा त्या परवानगीचा अर्थ नाही. टर्बिनाफिनसारखी पोटात घ्यायची औषधे अधिक परिणामकारक मानली जातात. यकृताच्या विकारामुळे किंवा चालू असलेल्या इतर औषधांमुळे ती देता येत नसतील, तेव्हा लेसरचा विचार होतो. पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नव्याने येण्यास १२ ते १८ महिने लागतात. त्यामुळे कोणत्याही उपचाराचे फळ लगेच दिसत नाही.

कोड व सोरायसिस : ३०८ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर मर्यादित चट्ट्यांवर आठवड्यातून दोन ते तीन वेळा दिला जातो. चेहऱ्यावरील कोडाचे डाग चांगला प्रतिसाद देतात, तर बोटांच्या टोकांवरील डागांत रंग परत येणे अवघड असते.

निदानाचे महत्त्व

विद्रूप झालेल्या नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी आढळते. उरलेल्यांत सोरायसिस, जुनी दुखापत किंवा घट्ट पादत्राणे ही कारणे असू शकतात. म्हणून उपचारापूर्वी नखाचा कीस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे आवश्यक ठरते. फिकट डाग बधिर असल्यास तो कुष्ठरोगाचा असू शकतो, आणि कुष्ठरोगावर बहुऔषधी उपचारच लागतात. गजकर्णावर लेसर हा प्रस्थापित उपचार नाही. त्यावर परस्पर स्टेरॉइडयुक्त मलम लावल्यास खाज तात्पुरती थांबते, मात्र संसर्ग पसरतो व त्याचे मूळ स्वरूप ओळखू येईनासे होते.

धोके व मर्यादा

भारतीयांच्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने भाजणे, काळे डाग पडणे किंवा रंग जाणे यांचा धोका वाढतो. त्यासाठी ऊर्जेची मात्रा जपून ठरवावी लागते आणि त्वचा थंड ठेवावी लागते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झाली असल्यास रुग्णाला चटका जाणवत नाही व जखम चिघळू शकते. उपचाराच्या वेळी रुग्ण व डॉक्टर दोघांनीही संरक्षक चष्मा वापरणे अनिवार्य आहे. चामखीळ जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात, म्हणून धूर शोषून घेणारे यंत्र व मुखपट्टी लागते.

कसबा बावडा परिसर

कसबा बावडा हे पंचगंगेकाठचे कोल्हापूरचे उपनगर आहे. छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना येथेच असून परिसरात उसाची शेती मोठी आहे. पंचगंगेची पूरपातळी येथील राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोक्याची पातळी आहे. पाणी पाजताना, पावसाळ्यात किंवा पुरात पाय दीर्घकाळ ओले राहिल्यास बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. त्यांत बुरशीचा संसर्ग असल्यास तो पुढे नखांत शिरू शकतो. १९८९ मध्ये स्थापन झालेले डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय कसबा बावड्यात आहे, तर शासकीय छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय कोल्हापूर शहरात आहे.

प्रतिबंध

पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, ओले बूट व मोजे न वापरणे, नखे कापण्याचे साधन स्वतंत्र ठेवणे आणि चिखल्यांवर वेळीच उपचार घेणे या उपायांनी नखांचा संसर्ग टाळण्यास मदत होते. लेसरनंतरही हीच काळजी न घेतल्यास बुरशी पुन्हा उद्भवू शकते.